रेड माउंटन उजव्या हाताला: व्हार्डनफेलची पायी प्रदक्षिणा

'मोरोविंड' हा संगणकावरचा खेळ मे 2002 मध्ये आला. मी तो कॉलेजात असताना खेळले, आणि तेव्हापासून मनात होतं की एकदा हे अख्खं बेट पायी फिरायचं. कथा, लढाया, खजिने सगळं बाजूला ठेवून नुसतं चालायचं. यंदा दिवाळीच्या सुट्टीत ताईचा मुलगा आमच्याकडे राहायला आला. सहावीत आहे, खेळांचा नाद आहे. त्याला म्हटलं, चल, माझ्याबरोबर एका बेटाला प्रदक्षिणा घालू. त्यानं लगेच आलेखाची वही काढली.

बेटाचं नाव व्हार्डनफेल. मधोमध रेड माउंटन नावाचा ज्वालामुखी, आणि त्याच्याभोवती सगळी वस्ती. सुरुवात नैऋत्य टोकाला होते. तिथून पश्चिम किनाऱ्यानं वर उत्तरेला, मग पूर्वेला, मग दक्षिणेनं परत, असं गेलं की डोंगर कायम उजव्या हाताला राहतो. देवळाला प्रदक्षिणा घालतो तसाच. वाट यापेक्षा वेगळी आखावीशी वाटलीच नाही.

नियम असे ठरवले. चालायचं, जिवावर बेतल्याखेरीज धावायचं नाही. सिल्ट स्ट्रायडरवर बसायचं नाही. हा घरापेक्षा उंच किडा असतो, त्याच्या पोकळ केलेल्या पाठीत बसून लोक गावोगाव जातात. बेटावर त्याचे नऊ थांबे आहेत. जादूगारांच्या गिल्डमधून क्षणात दुसऱ्या शहरात पोचवणारी सोय आहे, तीही नको. होडी फक्त समुद्र आडवा आला तरच.

वेळेबद्दल एक सांगायला हवं. या खेळातला काळ आपल्या तीसपट वेगानं जातो, म्हणजे तिथला पूर्ण दिवस आपल्या 48 मिनिटांत उलटतो. आपल्या जुन्या कालगणनेत अहोरात्रीचे तीस मुहूर्त, आणि एक मुहूर्त बरोबर 48 मिनिटांचा. बनवणाऱ्यांच्या मनात हे असण्याचं काही कारण नाही. पण त्यांचा एक दिवस म्हणजे आपला एक मुहूर्त, हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

पहिला दिवस: सेडा नीन ते बालमोरा

लास्ट सीड महिन्याची 16 तारीख, तिसऱ्या युगाचं 427 वं वर्ष. कैद्यांच्या जहाजातून सेडा नीनच्या धक्क्यावर उतरलो. नोंदणी कचेरीत नावगाव, जात, पेशा लिहून घेतला आणि हातात एक पाकीट दिलं. बालमोराला जा, तिथल्या साउथ वॉल नावाच्या गुत्त्यात विचारा, कायस कोसाडेस कुठे राहतो ते सांगतील. एवढाच पत्ता.

"मावशी, बाण कुठाय?" भाच्यानं विचारलं.

वाट दाखवणारा बाण इथे नाही. नकाशा आहे, पण तुम्ही जिथून गेलात तेवढाच भाग त्यावर उमटतो. कुठे जायचं ते माणसं तोंडी सांगतात, त्यांनी सांगितलेलं रोजनिशीत लिहिलं जातं, आणि पुढचं काम फाट्यावरच्या पाट्यांचं.

गावाबाहेर पूल ओलांडला तेवढ्यात वरून किंकाळी आली आणि एक जादूगार आकाशातून धप्पकन समोर पडून मेला. जुन्या खेळाडूंना तो चांगला माहीत आहे. त्याच्याकडे इकेरियन फ्लाइटच्या तीन गुंडाळ्या सापडतात. एक वाचली की सात सेकंदांसाठी उडी मारण्याचं कौशल्य हजारानं वाढतं. उडी जबरदस्त बसते, पण खाली येईपर्यंत सात सेकंद संपलेले असतात, आणि बिचारा त्यातच गेला. दुसरी गुंडाळी जमिनीला टेकायच्या आधी वाचावी लागते. भाच्याला तिथल्या तिथे उडायचं होतं. मी म्हटलं, शेवटच्या दिवसापर्यंत जपून ठेव. त्यानं खरंच ठेवल्या.

बिटर कोस्टची दलदल, चिखलातल्या वाकड्या झाडांच्या मुळ्या, माणसापेक्षा मोठ्या आळंब्या. नंतर चढ लागतो आणि पेलागियाडचा किल्ला दिसतो. तिथल्या फाट्यावरच्या पाटीजवळ मी भाच्याला मुद्दाम थांबवलं. लाकडी खांब, त्याला दोन-तीन दिशांना ठोकलेल्या फळ्या, वर इथल्या लिपीतली अक्षरं. फळीवर कर्सर नेला की गावाचं नाव उमटतं. प्रत्येक फळीखाली उभं राहून, मान वर करून वाचावी लागते. त्यानं तीनही वाचल्या, वहीत काढल्या आणि मगच पुढे निघाला.

दुपारी बालमोरा. ओडाय नदीच्या दोन्ही काठांवर सपाट गच्च्यांची मातकट घरं. घड्याळ लावलं होतं: संथ चालीनं अकरा मिनिटं, खेळातले साडेपाच तास. आता खरी गंमत. बेटाची जमीन चौकोनांत विभागलेली आहे, एक चौकोन साधारण 117 मीटरचा. सेडा नीन ते बालमोरा सरळ रेषेत सात चौकोन, म्हणजे एक किलोमीटरसुद्धा नाही. भाच्यानं वहीतले चौकोन दोनदा मोजले. त्याचा विश्वास बसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांनी माझाही बसत नव्हता.

दुसरा दिवस: आगीच्या नदीतून

सकाळी बालमोराच्या पूर्वेला मूनमॉथ किल्ला, आणि त्यापुढे ड्वेमर लोकांचा दगडी पूल. ही सगळी जमात एके काळी एका क्षणात नाहीशी झाली. मागे राहिले त्यांचे पितळी नळ, वाफेची यंत्रं आणि असे पूल. पलीकडे आर्कंगथंडचं भुयार आहे, पण आम्ही आत गेलो नाही, पुलाखालच्या घळीत उतरलो.

ती घळ म्हणजे फोयाडा मामेया. फोयाडा हा इथल्या भटक्या ॲशलँडर लोकांचा शब्द, अर्थ आगीची नदी. कधीकाळी रेड माउंटनमधून लाव्हा ज्या वाटेनं समुद्राकडे गेला ती वाट आता कोरडी पडली आहे. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाच्या भिंती, खाली करडी राख, वर आभाळाची पट्टी. डावीउजवीकडे काही दिसत नाही. पुढे वळण, वळणामागे आणखी वळण. वरून क्लिफ रेसर किंचाळत येतात. लांब चोचीचे, चामड्याच्या पंखांचे पक्षी, एकदा मागे लागले की पिच्छा सोडत नाहीत. त्यांचा आवाज आला की भाचा खुर्चीतच दबकून बसायचा.

या घळीत मला पहिल्यांदा नीट समजलं की बेट मोठं कसं वाटतं. इथे सरळ कुठे जाता येतच नाही. डोंगरांच्या धारा एवढ्या उभ्या आहेत की पाय ठरत नाही, चढायला गेलं की घसरून खाली. दऱ्या जिकडे नेतील तिकडे जायचं. बालमोरा ते घोस्टगेट सरळ रेषेत आठ चौकोन भरतात, पण घळीत उतरलेल्या माणसाला ते मोजता येत नाहीत. त्याला दिसतं फक्त पुढचं वळण.

दुपारी घळीच्या तोंडाशी घोस्टफेन्स उभी राहिली. रेड माउंटनभोवती उंच खांब, आणि खांबांमध्ये निळसर, सळसळती जादूची भिंत. डोंगरातल्या डागोथ ऊर या दुष्टाची रोगराई बाहेर पडू नये म्हणून इथल्या तीन देवांनी ती उभारली, आणि पूर्वजांच्या आत्म्यांच्या बळावर ती उभी आहे. आत जायला एकच दार, घोस्टगेट. शेजारी दोन मनोरे, डॉन आणि डस्क. आम्ही दारापर्यंत गेलो, बाहेरूनच बघितलं आणि फिरलो. आत शिरलं की प्रदक्षिणा मोडली असती.

तिथून पश्चिमेला आल्डरून. वाटेत राखेचं वादळ सुटलं. सगळं लालसर-तपकिरी होतं, वाऱ्याच्या उलट चाललं की पावलं जड होतात, बाहेर उभी असलेली माणसं हातानं तोंड झाकून घेतात. दोन हातांवरचं दिसेना. आणि त्यातून एकदम प्रचंड गोलाई पुढे आली. ती म्हणजे स्कार. कधीच नामशेष झालेल्या एका राजखेकड्याचं कवच. रेडोरान घराण्यानं त्याच्या आत आपले वाडे बांधले आहेत. दार उघडून आत गेलं की वादळाचा आवाज बंद होतो. वर कवचाची कमान, मध्ये झुलते लाकडी पूल, कडेनं घरांची दारं. भाचा दोन मिनिटं गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "मावशी, हे लोक चिंबोरीत राहतात."

मुक्काम तिथेच. गावात उघड्यावर झोपता येत नाही, खाट भाड्यानं घ्यावी लागते.

तिसरा दिवस: मार गान, ग्निसिस

ॲशलँड्स. राखेची माळरानं, वठलेली झाडं, मधूनच कुणाची तरी हाडं. उत्तरेला मार गान लागलं. तिथल्या देवळात मधोमध एक मोठा खडक आहे. कथा अशी सांगतात की मेहरून्स डॅगन हा असुर तो लोकांवर फेकणार होता. तेव्हा विवेक या देवानं त्याला डिवचलं, म्हणाला माझ्यावर फेक, आणि लोक वाचले. देवाचं नाव मी विवेक असंच लिहिते, कारण तिथे उच्चार तोच आहे. भाच्याच्या वर्गात दोन विवेक आहेत.

तिथून पश्चिमेला वळून ग्निसिसपर्यंत लांबलचक चाल. इथल्या खाणीत सोनं-लोखंड निघत नाही, अंडी निघतात. क्वामा नावाच्या किड्यांची वारुळं जमिनीखाली असतात आणि लोक ती अंडी काढून विकतात. बेटाच्या खाण्यापिण्याचा निम्मा आधार त्यावरच असावा, प्रत्येक घरात एखादं अंडं सापडतंच. हे तपशील मला फार आवडतात. माणसं खातात काय, राबतात कुठे, मेलेल्यांना ठेवतात कुठे, हे ठरवून मग गावं मांडलेली आहेत. पुरण्याच्या कोठड्यासुद्धा घराण्यांच्या नावानिशी डोंगरात आहेत.

चौथा दिवस: खूल, आणि होडी

ग्निसिसहून उत्तरेला खूल. कोळ्यांची चार खोपटं, एक स्ट्रायडरचा थांबा, एक होडी. वाटेत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

इथे समुद्र आडवा आला. भाच्याला शंका, होडीत बसलं तर चालण्याचा नियम मोडत नाही का? त्याला सांगितलं, नर्मदेच्या परिक्रमेत माणसं हजारो किलोमीटर चालतात, पण नदी जिथे समुद्राला मिळते तिथे त्यांनाही नावेत बसावंच लागतं. त्याचं समाधान झालं. होडीवाल्याला पैसे दिले, पडदा काळा झाला, आणि काही तास सरल्यावर डॅगन फेल.

पाचवा दिवस: उत्तरेची टोकं

शिओगोरॅड हा बेटाच्या उत्तरेचा तुटका भाग. खडकाळ टेकाडं, थंडी, धुकं. डॅगन फेलमध्ये नॉर्ड लोकांची लाकडी घरं आहेत, आणि आल्डरूनच्या कवचांनंतर ती परक्या देशातली वाटतात. हा माझ्या वहीतला सर्वांत वरचा चौकोन. दक्षिणेच्या एबनहार्टपासून इथपर्यंत मोजलं तर साडेतीनशे-चारशे नाही, फक्त छत्तीसच्या आसपास चौकोन भरतात, म्हणजे चार किलोमीटरहून थोडं जास्त. अख्ख्या नकाशाचं क्षेत्रफळ 24 चौरस किलोमीटरच्या आसपास सांगतात, समुद्र धरून.

याच मालिकेतल्या आधीच्या 1996 च्या 'डॅगरफॉल'चा आकडा एक लाख एकसष्ट हजार चौरस किलोमीटरच्या पुढे सांगितला जातो. अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त! तो प्रदेश गणितानं संगणकाकडून घडवून घेतलेला होता. एका गावातून दुसऱ्या गावात चालत जायचं कुणाच्या मनातही येत नसे, नकाशावर बोट ठेवून उडी घ्यायची. 2002 साली त्याच कंपनीनं जमीन हजारो पटींनी लहान केली आणि दगड न् दगड हातानं मांडला. मला विचाराल तर त्या मालिकेत घेतलेला हा सर्वांत धाडसाचा निर्णय. लहान करायला मोठं मन लागतं.

दुसऱ्या होडीनं टेल मोरा. इथून टेल्वानी जादूगारांचा मुलूख. त्यांचे मनोरे बांधलेले नसतात, उगवलेले असतात. अवाढव्य आळंब्या, त्यांच्या देठांत खोल्या, मुळांत दारं. वरच्या दालनाला जिना नसतो, उभी पोकळ नळी असते. ज्याला हवेत तरंगायची जादू येते त्यानं वर यावं, बाकीच्यांनी खालीच थांबावं. आमच्याजवळ एक काढा होता. तो पिऊन वर गेलो तेव्हा पायाखाली तो अंधारा देठ खोल खोल जाताना दिसत होता, आणि काढ्याचा असर उतरायच्या आत काठ गाठायचा होता. माणसाचा स्वभाव घराच्या आराखड्यातून एवढा स्पष्ट दाखवलेला मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिला नाही.

सहावा दिवस: ग्रेझलँड्स

पलीकडच्या काठावर व्होस, आणि तिथून दक्षिणेला गवताचा मुलूख. पाच दिवस राख, खडक, धुकं पाहिल्यावर हे पिवळंहिरवं गवत बघून डोळे निवले. गुआर चरत होते. दोन पायांवर चालणारं हे जनावर, रंगरूप सरड्याचं, डोळे गायीचे. भाच्यानं त्यांना वळसा घालून जायला लावलं.

झायनाब लोकांच्या तळावर थांबलो. कातड्यांचे तंबू, मध्ये शेकोटी. तंबूत न विचारता शिरणं इथे उद्धटपणा समजला जातो, म्हणून बाहेरच बसलो. त्या रात्री आभाळ स्वच्छ होतं आणि दोन्ही चंद्र वर होते. भाचा आकाशाकडे बघत बसला, मी फराळाचं ताट आणायला गेले. परत आले तरी तो तिथेच उभा, हलला नव्हता.

सातवा दिवस: मोलाग अमूर

मार्ग संपला. झायनाबच्या दक्षिणेला मोलाग अमूर, बेटाचा सर्वांत वैराण भाग. काळा खडक, मध्येच लाव्ह्याची तळी, वाफा, पाटी नाही की पायवाट नाही. बाकी सगळीकडे आम्ही विचारत विचारत आलो होतो, इथे विचारायला कोणी नाही. दऱ्या एकमेकींत गुंतलेल्या. एक दरी दक्षिणेला जाईलसं वाटतं, दोनशे पावलांवर ती बंद होते. परत फिरायचं, शेजारची धरायची.

हा एक दिवस आम्हाला दोन संध्याकाळी पुरला. पहिल्या संध्याकाळी एका लाव्ह्याच्या तळ्याला आम्ही तीनदा पोचलो. ते तेच आहे हे भाच्यानं ओळखलं, काठावरच्या वाकलेल्या वठल्या झाडावरून. त्यानं वहीत ते झाड काढलं. पुढचा सगळा नकाशा त्यानं असाच केला: दगडाचा सुळका, दोन खडकांमधली फट, उलटा पडलेला सांगाडा. इथे जागेची ओळख तिच्या खुणेनंच पटते.

आणि धुकं. मूळ खेळात तुमच्याभोवतीचे तीन गुणिले तीन, असे नऊच चौकोन एका वेळी संगणकाच्या स्मृतीत असतात. त्यापलीकडचं जग धुक्यात विरतं. तुम्ही चौकोनाची सीमा ओलांडली की क्षणभर सगळं अडखळतं, पुढची रांग आत येते आणि मागची जाते. 2002 च्या संगणकांना यापेक्षा जास्त झेपत नव्हतं म्हणून हे केलेलं. पण बेट मांडणाऱ्यांनी या धुक्याचा हिशेब धरूनच दऱ्या वळवल्या आहेत, याची मला इथे खात्री पटली. टेकडीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला पलीकडचं गाव कधीच दिसत नाही. मध्ये रेड माउंटन असल्यामुळे पूर्वेचा माणूस पश्चिमेला सरळ जाऊ शकत नाही, अख्खा वळसा घ्यावा लागतो. चार किलोमीटरच्या बेटावर नऊ प्रदेश बसवले आहेत, आणि प्रत्येकाची माती, झाडं, हवा, प्राणी, घरं वेगळी. दोन टेकड्या ओलांडल्या की मुलूख बदलतो. म्हणून अंतर पायांना कमी आणि मनाला जास्त लागतं.

मोलाग मारचा तट धुक्यातून वर आला तेव्हा भाच्यानं "आलं!" म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडून सांगितलं की ताई स्वयंपाकघरातून धावत आली.

आठवा दिवस: शेत

मोलाग मार हे पाण्यात उभं असलेलं एकच अजस्र चौथऱ्यासारखं बांधकाम. यात्रेकरू इथे उतरतात आणि अस्सार्निबिबीच्या डोंगरावर जातात. आम्ही पश्चिमेला सुरान गाठलं. (सुरण नव्हे, सुरान. पण घरात दिवसभर त्याचं सुरणच झालं होतं.) इथे गुलामांचा बाजार आहे, आणि पुढे मळ्यांवर तेच गुलाम राबताना दिसतात. हिरवीगार अस्केडियन बेटं, तळी, फुलं, आणि त्यात हातात बेडी असलेली माणसं. भाच्यानं विचारलं, यांना सोडवता येतं का? येतं. किल्ली मिळवावी लागते, आणि ती मालकाकडे असते. त्या संध्याकाळी आमची चाल तीन गुलाम सुटेपर्यंत थांबली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तळ्याच्या काठानं जाताना कुम्मूच्या शेतातलं छोटंसं देऊळ लागतं. त्याची कथा मला सगळ्या बेटात सर्वांत जवळची. एका गरीब शेतकऱ्याचा गुआर मेला, पीक काढायचं राहिलं. विवेक तिथून चालला होता. तो देव असूनही चिखलात उतरला आणि त्या शेतकऱ्याबरोबर राबला. म्हणून इथे सोनं वाहत नाहीत, चिखल वाहतात. जनाबाईबरोबर जात्यावर बसणारा विठोबा ज्या भाच्यानं आजीकडून ऐकला आहे, त्याला ही कथा समजावून सांगावी लागली नाही. त्यानं बिटर कोस्टवर पहिल्याच दिवशी वेचलेला चिखल पोतडीत होता. तो वाहिला.

नववा दिवस: विवेक, आणि परत

देवाचं नाव ते शहराचंही. समुद्रात उभे केलेले महाकाय कँटन, एकेक म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर, मध्ये पूल आणि नावाडी. आत बोळांमागे बोळ, सगळे सारखे. शहराची लांबी भाच्यानं सहा चौकोन मोजली. बेटाच्या मानानं हे शहर फारच मोठं आहे, आणि ते तसंच हवं. सगळं बेट छोट्या छोट्या घरांतून पाहून आलेल्या माणसाला इथे मान वर करून चालावं लागतं. दक्षिण टोकाला देवळावर एक प्रचंड खडक अधांतरी लटकतो, बार डाऊ. शिओगोरॅथ या असुरानं फेकलेला हा खडक विवेकनं वरच्या वर थांबवला, आणि आता मंदिरानं त्याला कोरून आत तुरुंग केला आहे. त्याच्या सावलीत लोक निवांत ये-जा करतात.

दुपारी उत्तरेला निघालो, पेलागियाडच्या फाट्यावरची ती पहिल्या दिवसाची पाटी आली. भाच्यानं पाटी वाचली नाही, सरळ पश्चिमेला वळला. दलदल, आळंब्या, पूल, सेडा नीन. प्रदक्षिणा पूर्ण. रात्री त्यानं वहीतली मुक्कामामुक्कामांमधली सरळ अंतरं मिळवली, होड्या सोडून. दहाएक किलोमीटर.

मग मी त्याला एक दाखवलं. 'ओपनएमडब्ल्यू' नावाचं एक इंजिन आहे, हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून मोरोविंडसाठी नव्यानं लिहिलेलं, सगळ्यांना खुलं. त्यात नजरेची मर्यादा हवी तेवढी वाढवता येते. मी ती पूर्ण वाढवली आणि दीपगृहावर चढले. धुकं गेलं. पूर्वेला विवेकचे कँटन उभे, इतके जवळ की हाक मारली तर ऐकू जाईल. उत्तरेला टेकड्यांवरून रेड माउंटन. ज्याला नऊ दिवस उजव्या हाताला ठेवून आम्ही चाललो, तो सगळा वेळ इथे होता.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, परत धुकं लाव."

लावलं. त्यानं स्वतःचं पात्र उघडलं, पोतडीतून जपून ठेवलेली गुंडाळी काढली, उत्तरेकडे तोंड केलं आणि वाचली. आमच्या दोघांच्याही पोटात गोळा आला. खाली सेडा नीन बोटाएवढं झालं आणि धुक्यात गेलं. मग फक्त करडं आभाळ, खाली येताना दुसरी गुंडाळी, आणि धाडकन एका काळ्या कड्यावर दोन्ही पाय. चारही बाजूंना खडक, राख, वठलेली झाडं. हा भाग आम्ही पाहिलेला नव्हता. दूर कुठेतरी क्लिफ रेसर किंचाळला.

त्यानं वही पुढे ओढली, पेन्सिलीला टोक केलं, आणि समोरचं झाड काढायला घेतलं.